बाप्पाच्या गुडघ्यासाठी कापलेलं पॅनल

मी पॅनल बोलतोय. विमान चालवणाऱ्याच्या छातीसमोर मीटरांची एक पाटी असते ना, ती मी. तुम्ही मला पाहिलं असण्याची बरीच शक्यता आहे. घोडपदेवच्या विमानातल्या गणपतीच्या दर्शनाला तुम्ही कधी आला असाल, तर मूर्तीच्या पुढ्यात लाल-हिरवे दिवे लुकलुकणारी, खालून चंद्रकोरीसारखी कापलेली पाटी तुम्हाला दिसली असेल. तुम्ही तिला हातही जोडले असतील. मला तेव्हाच तुमच्याशी बोलायचं होतं. पण ढोलताशांच्या दणदणाटात माझ्यासारख्याचं कोण ऐकतो?

आधीच सांगून ठेवतो, बाप्पाशी माझं भांडण नाही. ते बिचारे बसवले तिथे बसले. माझं भांडण माणसांशी आहे, आणि ते मी काही गोड करून सांगणार नाही.

बंगळूरहून कुरिअरने आलेला अॅल्युमिनियमचा एक कोरा पत्रा, एवढीच माझी सुरुवातीची ओळख. मला मागवलं जयवंतने. विमानतळाजवळच्या एका वर्कशॉपात त्याने उभं आयुष्य मोठ्या विमानांचे मीटर खोलण्यात, तपासण्यात आणि परत बसवण्यात घालवलं. विमानं सगळी दुसऱ्यांची. नोकरीत असतानाच सुट्ट्या साठवून तो एका फ्लाइंग क्लबात छोटं विमान चालवायला शिकला होता. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःचं दोन माणसांचं विमान बांधायला काढलं. जागा म्हणजे चाळीच्या मागची मंडळाची लांबलचक शेड. गणपतीचे दिवस सोडले तर तिथे बांबू, जुन्या कमानी आणि मांजरं यांच्याशिवाय कोणी नसायचं.

मंडळाचे अध्यक्ष शामराव मोठ्या मनाने म्हणाले होते, "बांध रे जयवंत, बिनधास्त बांध. शेड काय, तुझीच आहे. आम्ही कुठे भाडं मागतोय?" ते भाडं पुढे माझ्या अंगातून वसूल झालं.

मी कोरा होतो तेव्हा जयवंतने मला लगेच हात लावला नाही. आधी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याने माझी नक्कल केली. कोणता मीटर कुठे, हे ठरवायला गोल काढायचे होते, म्हणून बायकोच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या आणल्या. हळदीच्या वाटीएवढा वेगाचा मीटर, जिऱ्याच्या वाटीएवढं होकायंत्र. घरात सुभद्राबाई ऐन फोडणीच्या वेळी ओरडायच्या, "अहो, हळदीची वाटी खंय गेली?" आणि तावातावाने शेडमध्ये यायच्या. ती वाटी पुठ्ठ्यावर पालथी पडलेली असायची. "खुळे झालात तुम्ही," असं म्हणून त्या वाटी उचलून न्यायच्या आणि वाटीच्या काठाला लागलेली पेन्सिल पदराने पुसायच्या.

तो पुठ्ठा त्याने विमानात अडकवला आणि कित्येक दिवस रोज त्याच्यासमोर नुसता बसून राहिला. डोळे मिटायचा, हात पुढे करायचा, बोट बरोबर ठरलेल्या गोलावर पडतं का बघायचा. चुकलं की गोल पुसून बोटभर सरकवायचा. वरवर बघणाऱ्याला वाटावं, माणूस कामातून गेला. मला मात्र शेडच्या कोपऱ्यात उभं राहून पहिल्यांदाच वाटलं की आपल्याला कोणीतरी मनापासून घडवणार आहे.

मग माझी पाळी आली. भोकं पाडली, कानशीने त्यांच्या कडा इतक्या गुळगुळीत केल्या की कापूस फिरवला तरी अडकू नये. काळा रंग दिला. एकेक मीटर बसत गेला. वेगाचा, उंचीचा, इंजिनाच्या फेऱ्यांचा, तेलाच्या दाबाचा. पंखाकडून एक बारीक नळी माझ्या पाठीमागे आली. समोरून येणारी हवा त्या नळीतून शिरते आणि वेगाचा काटा हलवते. नळी नसेल तर तो मीटर म्हणजे बिनकामाचं घड्याळ.

मला विमानात बसवताना एक अडचण झाली. स्क्रू पुढून फिरवायचे आणि नट मागून धरायचे, आणि त्या चिंचोळ्या फटीत जयवंतचा पंजा काही शिरेना. दोन-तीनदा बोटं सोलवटून घेतल्यावर तो घरी गेला आणि सुभद्राबाईंना घेऊन आला. त्या कुरकुरत आल्या. बांगड्या काढून त्यांनी पदरात बांधल्या आणि हात मागे घातला.

"धरलं?"

"धरलंय. फिरवा आता, माझा हात अवघडतोय."

माझा प्रत्येक नट त्या बाईच्या बोटांनी धरलेला आहे. माझी पाठ जगात फक्त तिला माहीत आहे. काम संपल्यावर त्या पहिल्यांदाच विमानात बसल्या, उजव्या बाजूला. उजवीकडे माझ्या अंगावर एकही मीटर नाही, नुसता काळा पत्रा. त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर काहीच कसं नाय?"

"तुला काय करायचेत मीटर? तू खाली बघायचं. आचऱ्याची खाडी आली की मला सांगायचं, आपलं घर कुठलं ते."

त्या हसल्या. कौलं वरून कशी दिसतील, असं काहीतरी पुटपुटल्या. त्या दिवसापासून माझ्या आयुष्याला एकच अर्थ होता. ही दोन माणसं शेजारी शेजारी बसून आपल्या गावावरून एकदा तरी जायला हवी होती. त्यापलीकडे मला काही नको होतं.

रोज सकाळी शेडमध्ये आल्यावर जयवंत आधी उंचीच्या मीटरचं छोटं बटण फिरवायचा. हा मीटर हवेच्या दाबावर चालतो. पावसाळी हवेत दाब उतरला की विमान जमिनीवर उभं असूनही काटा आपोआप चढतो आणि दोन-तीनशे फूट उंची दाखवतो. म्हणून उडण्याआधी जमिनीवर तो शून्यावर आणायचा असतो. "नाहीतर माणूस आपण उंच आहोत अशा समजुतीत राहतो आणि आपटतो," असं तो सुभद्राबाईंना सांगायचा. उडायचं अजून लांब होतं, पण त्याने हा नेम एक दिवस चुकवला नाही. मला खरं दाखवायची सवय त्यानेच लावली.

आता विनीतबद्दल सांगतो. जयवंतचा एकुलता एक मुलगा. परळच्या एका टॉवरमध्ये नोकरी, संध्याकाळी मंडळ. चाळीत सगळे त्याला 'विमानवाल्याचा विनीत' म्हणायचे आणि त्याला ते झोंबायचं. शेडमध्ये तो यायचा तो बांबू न्यायला. बापाकडे बघायचा नाही, माझ्याकडे तर नाहीच. आणि एका वर्षी गणपतीच्या महिनाभर आधी हाच विनीत शेडमध्ये आला, विमानाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बाबा, काय जबरदस्त बनवलंय तुम्ही!"

जयवंतच्या हातातला पाना तसाच राहिला. इतक्या वर्षांत पोराच्या तोंडून हे पहिल्यांदाच निघालं होतं.

"यंदाचा देखावा हाच करू, बाबा. बाप्पा विमान चालवतायत. अकरा दिवसांचा तर प्रश्न आहे. नंतर जसंच्या तसं परत. पेपरवाले येतील, तुमचं पण नाव होईल. सगळ्यांना सांगणार मी, माझ्या बाबांनी बनवलंय."

"दिवाळीनंतर उडण्याच्या परवान्यासाठी तपासणीला साहेब येणार आहेत रे."

"दिवाळीला टाइम आहे ना. एक ओरखडा नाय येणार. माझा शब्द."

जयवंतने माझ्यावरून हात फिरवला आणि हो म्हणाला. पोराच्या डोळ्यांत त्याला आपला अभिमान दिसला, आणि त्या एका गोष्टीपुढे त्याने सगळं ओवाळून टाकलं. मी त्याला दोष देत नाही. पण त्याने दुसरीही एक गोष्ट केली, जी कोकणातला कुठलाही माणूस करतो. चतुर्थीच्या आधी तो आणि सुभद्राबाई घरच्या गणपतीसाठी गावाला निघून गेले. गणपतीला गावी जायचं नाही म्हणजे काय, हा विचारच त्यांच्या डोक्यात येत नाही. शेडची किल्ली विनीतकडे राहिली.

मूर्ती आली ती भर दुपारी. देखाव्याचं काम सौमित्रकडे होतं, कला शिकलेला, हौशी तरुण. मूर्ती डाव्या जागेवर, म्हणजे चालवणाऱ्याच्या जागेवर बसवायची होती. दहाबाराजणांनी 'मोरया' करत उचलली, आत उतरवली, आणि ती अर्ध्यावर अडली. बाप्पाचा गुडघा माझ्या खालच्या कडेला टेकला होता.

मूर्ती फिरवून बघितली, तिरकी करून बघितली. गुडघा काही आत जाईना.

सौमित्र म्हणाला, "गुडघा थोडा घासला तर बसेल. अर्धा इंच. वरून रंग मारतो, कळणार पण नाही."

शामराव त्याच्या अंगावरच धावून गेले. "ए, शहाणा आहेस काय? मूर्तीला घासणार? खंडित मूर्ती बसवायची आम्ही? पिढ्यानपिढ्या मंडळ चालवतोय, असलं कधी झालं नाय!"

मग शामरावांची नजर माझ्यावर आली. "मूर्तीला हात लावायचा नाय. ह्या पत्र्याचं काय ते बघा."

पत्रा! जयवंतने बोटं सोलून घेऊन बसवलेला मी त्यांच्या लेखी पत्रा. सौमित्रने विनीतकडे बघितलं. मीही बघितलं. मनात म्हटलं, अरे, तू शब्द दिलायस. तोंड उघड. एवढंच म्हण की बाबांना फोन करतो.

विनीत म्हणाला, "थोडंसंच काप. खालचं."

ग्राइंडर लागला. कीस बाप्पाच्या अंगावर उडू नये म्हणून मूर्तीवर चादर धरली, एवढी काळजी त्यांना होती. तेलाच्या दाबाचा मीटर अर्धा कापला गेला. वायरींचा झुबका तुटला. आणि ती बारीक नळी, जिच्यातून वेगाची हवा यायची, ती कधी तुटली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग सगळ्यांनी एका सुरात 'गणपती बाप्पा मोरया' म्हणून मूर्ती खाली बसवली. गुडघा छान मावला.

नंतर सौमित्रला वाटलं की काटे स्थिर असले तर देखावा मेल्यासारखा दिसतो. म्हणून त्याने माझे मीटर खोलून त्यांत खेळण्यातल्या मोटरी बसवल्या. काटे गरागरा फिरू लागले. वेगाचा काटा दिवसभर फिरतोय आणि विमान जागचं हलत नाही! लोक मोबाइल काढून शूटिंग करत होते. उंचीचा मीटर तेवढा वाचला, कारण त्याचे स्क्रू त्यांना उघडेनात.

गौरी गेल्यावर जयवंत आणि सुभद्राबाई गावाहून परतले. बॅगा घरात टाकून तो तडक शेडमध्ये आला. दर्शनासाठी बाजूला बांधलेल्या रॅम्पवरून वाकून त्याने आत बघितलं. माझी कापलेली कड, मोटरी, दिवे. देवासमोर आवाज चढवायचा नसतो, असं त्याच्यावर लहानपणापासून बिंबलेलं. त्याने विनीतला फक्त विचारलं, "कापलंस?"

"बाबा, थोडंसंच. विसर्जन झालं की नवीन बसवू ना. गर्दी बघा तुम्ही! लालबागला जाणारी पब्लिक इकडे वळतेय."

जयवंतने खिशातून रुमाल काढला, माझ्या कापलेल्या कडेवरचा अॅल्युमिनियमचा कीस टिपून घेतला आणि रुमालाची घडी करून परत खिशात ठेवला. मला वाटत होतं, त्याने बोंब ठोकावी, रस्ता डोक्यावर घ्यावा. चांगल्या माणसांना नको तिथे संयम सुचतो, आणि त्याची फळं दुसरे भोगतात.

पण घाव अजून पुढेच होता. सुभद्राबाई दर्शनाला आल्या. विनीतच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि सूनबाई, आकांक्षा, डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवून थकली होती. सुभद्राबाईंनी बाप्पासमोर पदर पसरला. "घरात पाळणा हलू दे." आणि जाताना हळदकुंकवाची बोटं माझ्या काळ्या रंगावर उमटवून गेल्या. ज्या बोटांनी माझे नट धरले, तीच बोटं. त्यांनी मला ओळखलंच नाही.

विसर्जन झालं. मूर्ती गेली. डावी जागा रिकामी झाली तरी लोक तिच्यावर फुलं ठेवतच राहिले. आणि दिवाळीच्या आत आकांक्षाला दिवस गेले. झालं! चाळभर बातमी पसरली, विमानातला गणपती नवसाला पावतो. पूजा करणारे भटजी एकदा हळूच म्हणाले, "उत्तरपूजा झाली की देव गेले. आसन मोकळं असतं, बसायला हरकत नाही." शामरावांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते दक्षिणा घेऊन वाटेला लागले.

जयवंत नवीन पॅनलच्या तयारीला लागला. पुठ्ठा आणला, पेन्सिल आणली आणि घरी जाऊन वाट्या मागितल्या. सुभद्राबाईंनी मिसळणाचा डबा आतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. त्या बोलता बोलता शेडपर्यंत त्याच्या मागे आल्या, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"त्या जागेवर देव बसलाय. तुम्ही नाय बसायचं."

"अगं, ती माझी जागा आहे. आपण आचऱ्यावरून जाणार होतो ना?"

"माझ्या सुनेच्या पोटात जीव आहे. काय वाईटवंगाळ झालं तर कोणाला विचारू? तुमच्या विमानाला?" त्या त्याच्या पायांकडे वाकल्या. "तुमच्या पाया पडते, पण बसू नका."

त्या बाईला मी दुष्ट म्हणू शकत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. भीती खरी होती, माया खरी होती. त्या दोन्हींच्या मध्ये चिरडलं गेलं ते जयवंतचं विमान.

दिवाळीनंतर तपासणीचे साहेब आले. शेडच्या दाराशी त्यांनी बूट काढले. विमानाजवळ येऊन आधी डाव्या जागेला नमस्कार केला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "यात मी तपासू काय, जयवंतराव?" शामरावांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. साहेब पेढा खाऊन गेले.

त्यानंतर काही महिने जयवंत येऊन उजव्या जागेवर बसायचा. तिथे देव बसले नव्हते, त्यामुळे तिथे बसायला त्याला परवानगी होती. समोर नुसता काळा पत्रा. डावीकडे वाकून तो उंचीचा काटा शून्यावर आणायचा आणि निघून जायचा. नात झाली आणि ते येणंही थांबलं. विनीत सेक्रेटरी झाला. विमान कायमचं मंडळाचं झालं. कोणी ते दिलं नाही, कोणी मागितलं नाही. आता मूर्तीच माझ्या कापलेल्या मापाने घडवतात, गुडघा दरवर्षी बरोबर मावतो.

गेल्या गणपतीत हवा पावसाळी होती, दाब उतरलेला. माझा उंचीचा काटा दोनशेच्या वर चढून बसला होता. आणि रांगेत मला जयवंत दिसला. पास नाही, ओळख सांगणं नाही, अनवाणी, पुढच्या माणसाच्या पाठीला छाती लावून सरकत येत होता. किती वाळला होता! माझ्यासमोर आला तेव्हा त्याने मूर्तीकडे बघितलंच नाही. त्याची नजर काट्यावर होती. तो वाकला, गुडघ्याच्या बाजूने हात आत घातला आणि दोन बोटं त्या बटणावर ठेवली. इतक्या काळाने ती बोटं! काटा खाली यायला लागला.

"ओ काका! हात नाय लावायचा. देवाची वस्तू आहे ती. नमस्कार करा आणि पुढे चला, मागे लाईन बघा किती आहे!"

आवाज माइकवरून आला. विनीतचा होता. तो वर मचाणावर बसतो, तिथून त्याला फक्त आत आलेला हात दिसला असणार. जयवंतने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. विनीत मचाणावरून पुढे वाकला. मला वाटलं, आता तरी हा 'बाबा' म्हणेल.

स्पीकर जरा खालच्या आवाजात म्हणाला, "चला. पुढे चला."

जयवंतने हात काढून घेतला. आणि मग त्याने मला नमस्कार केला. दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, बाकीचे करतात तसाच. ज्याने मला घडवलं, तो मला हात जोडून पुढे सरकला. ग्राइंडर फिरला तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं.

काटा अर्ध्यावरच राहिला आहे. यंदा तुम्ही दर्शनाला आलात तर बाप्पाला खुशाल हात जोडा, मला जोडू नका. माइकवाल्याचं लक्ष नसेल तेव्हा उंचीच्या मीटरखालचं ते छोटं बटण जरासं फिरवा, काटा शून्यावर येईपर्यंत. मी कधीच उडालो नाही. निदान तेवढं तरी खरं दिसू दे.